दान पडण्याआधी

११ जानेवारी १७७९च्या रात्री तळेगावात तळ देऊन असलेल्या इंग्रज फौजेने आपल्या जड तोफा तळ्यात लोटल्या, सामानाला आग लावली आणि अंधारात माघारीची वाट धरली. राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवायला निघालेली ही सुमारे चार हजारांची फौज पुणं टप्प्यात आलेलं असताना अडकून पडली होती. मराठ्यांनी गाव आधीच मोकळं करून जाळलं होतं; ना माणसाला दाणा, ना बैलांना वैरण. माघारीचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. उजाडायच्या आतच मराठी घोडदळ पिछाडीवर तुटून पडलं, कॅप्टन हार्टलेच्या तुकड्यांनी मार खात ती पिछाडी कशीबशी धरून ठेवली आणि सगळी फौज वडगावला कोंडली गेली. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग गेमला याहून भरीव प्रसंग मावळात शोधून सापडायचा नाही. अंधार आहे, धूर आहे, दोन्ही बाजूंना घाई आहे आणि प्रत्येक पात्राच्या हातात वेगळं शस्त्र आहे. खेळ अडतो तो नेमका या शस्त्रांपाशी.

समजा हा प्रसंग ‘गुर्प्स’च्या नियमांनी खेळला जातोय. स्टीव्ह जॅक्सन यांनी १९८६ साली आणलेली ही पद्धत लढाईच्या कौशल्यांबाबत फार काटेकोर आहे. प्रत्येक कौशल्याला एक आकडा असतो. तीन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर वार लागू. जे कौशल्य शिकलेलं नाही, ते जवळच्या दुसऱ्या कौशल्यावरून काही आकडे वजा करून वापरता येतं. आता शिंद्यांच्या पागेतल्या एका स्वाराचं तलवारीचं कौशल्य १४ आहे. झटापटीत त्याची तलवार मोडते आणि तो पडलेल्या साथीदाराचा दांडपट्टा उचलतो. खेळाडू म्हणतो, पट्टा म्हणजे लांब पात्याची तलवारच, वजा दोन पुरे. त्याच टेबलावर दुसऱ्या खेळाडूने पात्र घडवतानाच पट्ट्याचं स्वतंत्र कौशल्य मागून घेतलं आहे आणि त्यावर आपले पॉइंट खर्च केले आहेत. खेळ चालवणाऱ्या, निर्णय देणाऱ्या गेम मास्टरने काय ठरवायचं? प्रश्न दोन-चार आकड्यांचा दिसतो, पण हिशेब मांडून बघावा. तीन फाशांवर १४ किंवा कमी येण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के. वजा दोन केलं की ती ७४ टक्क्यांवर येते. वजा चार केलं की बरोबर ५०. आणि वजा पाच केलं की साडेसदतीस. म्हणजे गेम मास्टर सहज म्हणून जो आकडा बोलून जातो, त्यावर एखाद्या पात्राचं जगणं-मरणं ठरतं. ज्या निर्णयाचं वजन एवढं आहे, तो लहरीवर सोडता येणार नाही.

माझं म्हणणं असं. लढाईतल्या कौशल्याचा नियम म्हणजे खेळाडूला दिलेला शब्द आहे. त्याने त्या शब्दावर विसंबून आपले मोजके पॉइंट एका जागी लावले आणि दुसऱ्या जागी लावले नाहीत. म्हणून त्या नियमाचा अर्थ लावणं हे गोष्ट रंगवण्याच्या जातीचं काम नसून न्याय देण्याच्या जातीचं आहे. तो अर्थ नियमाच्या शब्दांतून आणि रचनेतून काढावा लागतो, तोही फासे टाकण्यापूर्वी. हे कसं करायचं यासाठी मराठी वाचकाला फार लांब जायला नको. वाक्याचा अर्थ कसा लावावा याचा जितका बारीक विचार पूर्वमीमांसेने केला, तितका जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ १९५२पासून सात खंडांत निघाला, तो याच विचाराचा साठा आहे. यज्ञाच्या विधींचं शास्त्र फाशांच्या खेळाला कशाला, असं कुणी म्हणेल. पण मीमांसेचा सूत्रकार जैमिनी याच्यासमोरचा प्रश्न आपलाच होता: आज्ञा दिलेली आहे, तिचा अर्थ विचारायला कुणी समोर नाही, दोन वाक्यं एकमेकांना छेदतात आणि कृती तर आत्ता करायची आहे. हिंदू कायद्याच्या टीकाकारांनी वाटणीचे आणि दत्तकाचे वाद याच नियमांनी सोडवले. वारसाहक्काला जे चाललं ते खेळाला चालू नये असं काही कारण नाही.

त्या शास्त्रात अर्थ ठरवण्याची सहा साधनं बलाच्या उतरत्या क्रमाने सांगितली आहेत. सर्वांत वर श्रुती, म्हणजे थेट शब्दांत केलेलं विधान. मग शब्दाचं सामर्थ्य, मग वाक्य, मग प्रकरण, मग स्थान आणि सर्वांत खाली समाख्या, म्हणजे नाव. नावावरून काढलेला अर्थ सर्वांत दुबळा, ही गोष्ट प्रत्येक गेम मास्टरने मनात कोरून ठेवावी, कारण टेबलावरचे निम्मे तंटे नावावरूनच होतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीत चोरट्या पात्राला ‘स्नीक अटॅक’ नावाचं कौशल्य मिळतं. नाव ऐकलं की वाटतं, दबा धरून बसलेला असेल तरच हा वार करता यायला हवा. कित्येक टेबलांवर तसंच सांगितलं जातं: तू लपलेला नाहीस, तर तुला जादा फासे नाहीत. पण मजकुरात लपण्याची अटच नाही. शस्त्र चपळ हाताचं किंवा लांबून मारायचं असावं. आणि एकतर वाराला अनुकूल परिस्थितीचा फायदा असावा, किंवा स्वतःची बाजू पडती नसताना शत्रूच्या पाच फुटांत त्याचा दुसरा एखादा विरोधक लढण्याच्या स्थितीत उभा असावा. एवढंच. म्हणजे समोर साथीदाराशी झुंजणाऱ्याची नजर अडकलेली असताना बाजूने नेमका घाव घालणं, हा त्या नियमाचा आशय. नावाला धरून लपण्याची अट घालणारा गेम मास्टर नियमाचं पालन करत नाही, तो श्रुतीला समाख्येने मारतो. आणि त्या खेळाडूच्या पात्राचं मुख्य हत्यारच बोथट होतं.

याच कौशल्यात दुसरी एक शिकवण आहे. मजकूर म्हणतो, हा वार एका पाळीत एकदाच. पाळी आणि फेरी या खेळात वेगळ्या. लढणारे सगळे एकदा आपापली पाळी खेळले की एक फेरी पुरी होते. ‘फेरीत एकदा’ लिहिणं लेखकांना अवघड नव्हतं. इतरत्र त्यांनी फेरीचा हिशेब वापरलाही आहे. त्यांनी ‘पाळीत एकदा’ लिहिलं. म्हणून शत्रू पळायला लागला आणि त्याच्याच पाळीत चोरट्याला प्रतिक्रिया म्हणून वार करायची संधी मिळाली, तर अटी जुळल्यास जादा फासे पुन्हा मिळतात. व्याकरणशास्त्रात याला ज्ञापक म्हणतात: जो शब्द एरवी फुकट गेला असता, तो काहीतरी सुचवण्यासाठीच ठेवला आहे असं मानायचं. १८व्या शतकात काशीत राहून लिहिणाऱ्या नागेशभट्टांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ अशा अर्थ लावण्याच्या नियमांचाच आहे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्याचं संपादन-भाषांतर केलं. त्यातला एक विचार तर आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. ज्या नियमाला दुसरीकडे कुठे वावच नाही, तो वाव असलेल्या नियमापेक्षा बळकट. कारण त्याला इथे बाजूला सारलं, तर तो सांगितलाच कशाला?

या विचाराला पोथ्यांचा वास येतो असं वाटत असेल, तर तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये डोकवावं. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, सर्वसाधारण टॉलरन्स दिलेला असतो. ‘आयएसओ २७६८’चा मध्यम वर्ग लिहिला असेल, तर ४० मिलिमीटरचं माप ०.३ मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. पण त्याच ड्रॉइंगवर एखाद्या बोअरला ‘४० एच ७’ लिहिलं असेल, तर तिथे सूट फक्त शून्य ते अधिक ०.०२५ मिलिमीटर. तिथे तो ०.३ कुणी लावत नाही. ‘खाली लिहिलंय ना’ म्हणून कुणी ऑपरेटर वाद घालत नाही, आणि घातलाच तर क्वालिटीवाला तो जॉब बाजूला काढतो. एच ७ लिहिण्याचा दुसरा हेतूच असू शकत नाही. सर्वसाधारण टॉलरन्सला मात्र उरलेलं सगळं ड्रॉइंग मोकळं आहे. उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, आणि अपवाद हे नातं इथे रोज, शिफ्टमागून शिफ्ट, मायक्रोमीटरने मोजलं जातं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं पुस्तकही हेच तत्त्व सुरुवातीला सांगून टाकतं, की विशेष नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो. तेव्हा हे वाचन पंडितांची मिरास नाही. या पट्ट्यातले हजारो हात ते करतात. खेळाच्या टेबलावर बसताना ते घरी ठेवून यायचं कारण नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की खेळांचे लेखक काही पाणिनी नव्हेत. पाणिनीने अर्ध्या मात्रेची काटकसर केली, म्हणून त्याच्या प्रत्येक जादा अक्षरातून अर्थ काढता येतो. खेळाची पुस्तकं मुदतीच्या घाईत छापली जातात, एकाच पुस्तकात पाच-सहा जण लिहितात आणि पुढच्या छपाईत दुरुस्त्या निघतात. त्यांच्या शब्दांवर एवढा भार टाकावा का? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याने माझं म्हणणं थोडं नमतं घेतं. त्याच पाचव्या आवृत्तीत ‘हातघाईच्या शस्त्राचा वार’ आणि ‘हातघाईच्या शस्त्राने केलेला वार’ असे दोन वेगळे प्रयोग मानले गेले. नुसती मूठ मारली तर ती पहिल्यात बसते, दुसऱ्यात नाही. शब्दाला धरून हे बरोबरच आहे, पण कुठल्याही सरळ वाचकाला ते सुचणार नाही. अशा ठिकाणी ज्ञापकाचा हट्ट धरू नये. पुस्तकाने जिथे एखादा शब्द व्याख्या करून, जागोजागी एकाच अर्थाने वापरला आहे, तिथे त्याच्यावर पूर्ण भार टाकावा. पाळी-फेरी हा तसा शब्द. जिथे शब्दांत सैलपणा दिसतो, तिथे वाक्य आणि प्रकरण यांकडे वळावं. मीमांसेच्या उतरंडीत त्यांनाही जागा आहे ती त्यासाठीच. मात्र लेखक निष्काळजी असू शकतो एवढ्यावरून गेम मास्टरची मर्जी शहाणी ठरत नाही.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि त्याच्या पाठीशी मोठा इतिहास आहे. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ नियमबद्ध केला. नकाशा, ठोकळे, फासे, तक्ते आणि निर्णय देणारा पंच. आजच्या रोल-प्लेइंग गेमची वंशावळ तिथपर्यंत मागे जाते. पण तक्ते इतके वाढले, की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ साली फॉन व्हर्दी यांनी मुक्त क्रीगस्पील मांडलं: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने प्रसंग पाहून निकाल द्यावा. आजही अनेक जण हेच म्हणतात. नियमांचा कीस पाडू नका, प्रसंगाला जे शोभतं ते गेम मास्टरने सांगावं, खेळ पुढे जावा. मला व्हर्दींबद्दल आदर आहे, पण त्यांचा पंच कोण होता हे विसरून चालणार नाही. तो तोफांचा मारा पाहिलेला, पलटणी हलवलेला अधिकारी होता. पुस्तकात जे लिहायचं, ते त्याच्या अंगात होतं. आपल्या टेबलावर बसलेल्या कुणी पट्टा चालवून जीव वाचवला आहे? संगिनीच्या रांगेवर घोडा घातला आहे? ज्याच्याकडे तो अनुभव नाही, त्याची ‘प्रसंगाची जाण’ बहुधा पाहिलेल्या सिनेमांतून आलेली असते. तिच्यापेक्षा विचार करून लिहिलेला, अनेक टेबलांवर वापरून घासलेला नियम अधिक भरवशाचा. मुक्त पंच हवाच असेल तर एखाद्या मर्दानी खेळाच्या आखाड्यातल्या वस्तादांना टेबलावर बसवावं. त्यांच्या शब्दापुढे मी पुस्तक मिटेन.

खेळाची मजा जाते, हा तिसरा आक्षेप. एकेका वाक्यावर चर्चा करत बसलं तर लढाई कधी व्हायची? पण मजा कशाने जाते हे हांगझोऊमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. संघात आपले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. २८-२८ अशी बरोबरी, शेवटची घटका. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला न शिवता मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, म्हणजे लॉबीत, उतरला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. झटापट झाल्याशिवाय लॉबी मैदानात धरली जात नाही, इथवर दोन्ही बाजूंचं एकमत. पुढे काय? एका नियमाप्रमाणे चढाईपटूबरोबर त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत आलेल्या नव्या नियमाप्रमाणे बाद फक्त चढाईपटू. या मैदानावर कुठला नियम लागू, हे पंचांनी एकदा एका बाजूने सांगितलं, मग दुसऱ्या बाजूने, मग पुन्हा फिरवलं. खेळाडू मॅटवर बसले. सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ने जिंकला, पण त्या सुवर्णपदकाच्या आठवणीला तो तास कायमचा चिकटला. दोन्ही नियम आपापल्या जागी स्पष्ट होते आणि कीस पाडण्याची हौस कुणालाच नव्हती. घात केला तो वेळेने: अर्थ घटना घडल्यानंतर, कुणाचा फायदा किती हे दिसत असताना लावला गेला. तशा वेळी दिलेला बरोबर निर्णयही पक्षपाती वाटतो. टेबलावरही हेच. फासे पडले, दान दिसलं आणि मग ‘वजा किती धरायचे’ हे ठरवलं, तर हरणाऱ्याच्या मनातला सल कुठलंही तर्कशास्त्र काढू शकत नाही.

म्हणून नियम वाचायला लागणारा वेळ लढाईतून काढू नये. नवं शस्त्र, नवं कौशल्य कथेत येणार हे दिसलं, की त्याचा अर्थ आधी ठरवून वहीत लिहावा. भर लढाईत अचानक प्रश्न उभा राहिलाच, तर फासे हातात घेण्यापूर्वी गेम मास्टरने एका वाक्यात निर्णय आणि एका वाक्यात कारण सांगावं, तो त्या दिवसापुरता पाळावा आणि खेळ संपल्यावर सगळ्यांनी मिळून तपासावा. गेम मास्टरचा शब्द अखेरचा, हे मला मान्य आहे; कुणाचातरी असावाच लागतो. त्याला नियम बदलायचाही अधिकार आहे. पण बदल करताना ‘मी नियम बदलतोय’ असं म्हणावं, ‘नियमाचा अर्थच असा आहे’ असं म्हणू नये. आणि बदल पुढच्या डावापासून लागू करावा. तळेगावच्या माघारीचा शेवटही याच मुद्द्यावर अडखळला होता. वडगावला कोंडलेल्या इंग्रजांनी जानेवारी १७७९मध्ये तह केला, १७७३नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचं कबूल केलं, ओलीस दिले आणि त्या बळावर आपली फौज सुखरूप बाहेर काढली. फौज सुटल्यावर मुंबई आणि कलकत्त्याहून उत्तर आलं, की सही करणाऱ्यांना असा तह करायचा अधिकारच नव्हता. अधिकाराचा तो प्रश्न खोटा होता असं नाही. पण तो आपला लाभ पदरात पडल्यावर काढला गेला, म्हणून मराठ्यांना त्यात शब्दभंगाखेरीज काही दिसलं नाही. लढाई पुन्हा सुरू झाली आणि १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली.

आता तो स्वार आणि त्याच्या हातातला पट्टा. पाहिल्याशिवाय याचा निर्णय होत नाही, म्हणून जवळून पाहू. तलवार मुठीत धरतात आणि मनगट मोकळं राहतं. तिची निम्मी करामत मनगटात. पट्ट्यात हात कोपराकडे येणाऱ्या लोखंडी खोळीत जातो, आतली आडवी मूठ पकडायची, आणि मनगट जागच्या जागी बांधलं जातं. वळणारं, लवचीक पातं हाताच्या रेषेतच पुढे निघतं. वार खांद्यातून, कमरेतून आणि पावलांच्या फिरकीतून येतो. लिंबू कापून दाखवणारा पट्टेबाज पाहिला, तर त्याचे पाय आधी पाहावेत. ज्याने आयुष्यभर मनगटावर तलवार फिरवली, त्याची सवय इथे उलट आडवी येते. २०२४ साली महाराष्ट्राने राज्यशस्त्र म्हणून मान दिला तो या शस्त्राला, आणि त्याला ‘लांब तलवार’ म्हणणं म्हणजे समाख्येवर निकाल देणं. पुस्तकाचीच मोजपट्टी लावू. ‘गुर्प्स’मध्ये आखूड तलवारीवरून रुंद तलवारीवर येताना वजा दोन आहेत: पकड तीच, लांबी वेगळी. सेबर जातीच्या, चालवण्याची रीतच निराळी असलेल्या तलवारीवरून येताना वजा चार. पट्ट्याचं अंतर पहिल्या जातीचं नक्की नाही. शिवाय वजा दोन दिले, तर ज्या खेळाडूने पट्ट्यावर वेगळे पॉइंट घातले तिचा खर्च जवळजवळ व्यर्थ जातो, आणि सांगितलेली गोष्ट व्यर्थ ठरवणारा अर्थ टाळायचा, हे आपण वर मान्य केलं आहे. लोखंडी खोळीने हाताला मिळणारं संरक्षण मात्र स्वारालाही द्यावं; ते शस्त्राचं आहे, शिकण्याचं नाही.

तेव्हा वजा चार. स्वाराचं कौशल्य १० धरायचं, वार लागण्याची शक्यता निम्मी. वार अडवण्यासाठी कौशल्याच्या निम्म्यात तीन मिळवायचे, म्हणजे ८. आणि तीन फाशांवर आठ किंवा कमी येतं ते सुमारे २६ टक्के वेळा.